'व्रूम व्रूम'ला गोंगाट म्हणण्याआधी एकदा नीट स्पीकरवर ऐका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही इंग्लंडच्या पॉपगायिका चार्ली एक्ससीएक्सवर अर्धं पान केलंत, बरं वाटलं, असल्या संगीताला मराठी पेपरात जागा मिळत नाही सहसा. पण त्यात तिच्या २०१६ च्या 'व्रूम व्रूम' या गाण्याबद्दल जी चार-पाच वाक्यं होती ती मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा तितकाच राग आला. लेखकाचं म्हणणं असं की हा निव्वळ गोंगाट आहे, कम्प्युटरवर बटणं दाबून झालेला, यात कोणाची मेहनत नाही आणि पोरांना फॅशन म्हणून आवडतो. गाणं आवडलं नाही हे ठीक आहे, आवड ज्याची त्याची, त्यावर भांडायला मी पत्र लिहिलं नसतं. पण "मेहनत नाही" हे जे लिहिलंय ना ते मला फार लागलं. का लागलं ते सांगते. पत्र लांबलंय, तुम्हाला कापावं लागेल, कापा, फक्त मधे आवाज कसा बनतो त्याबद्दल लिहिलंय तेवढं राहू द्या प्लीज.

मी गेली बावीस वर्षं गोरेगावला एका स्टुडिओत फोलीचं काम करते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, सिनेमात हिरोईन चालत येते तेव्हा तुम्हाला जो पैंजणांचा, साडीचा, बांगड्यांचा आणि चपलेचा आवाज ऐकू येतो तो बऱ्याचदा शूटिंगचा नसतो, तो नंतर आमच्यासारखी माणसं पडद्याकडे बघत बघत अंधाऱ्या खोलीत करतात. आमच्याकडे जमिनीत वेगवेगळे चौकोन आहेत, एकात मार्बल, एकात लाकूड, एकात माती, एकात खडी, आणि बाजूला भंगारवाल्याला लाजवेल इतकं सामान. नारळाच्या करवंट्या घोड्याच्या टापांसाठी, कॉर्नफ्लोअरची पिशवी बर्फात चालण्यासाठी (दाबली की अगदी तसाच करकर आवाज येतो), हाड मोडायचं असेल तर कोबीचा दांडा. म्हणजे माझं आयुष्यच 'हा आवाज कशाचा' या एका प्रश्नात गेलंय. बस चालू झाली की मला बसच्या आधी तिचा कुठला पत्रा सैल आहे ते कळतं.

तर २०२१ च्या फेब्रुवारीत, लॉकडाऊन सुटून कामं हळूहळू चालू होत होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एक असिस्टंट मुलगा आहे, तो दोन दिवस गप्प गप्प होता. विचारलं तर म्हणाला मॅडम सोफी गेली. मला वाटलं घरातलं कोणी. मग त्याने सांगितलं की सोफी म्हणजे स्कॉटलंडची म्युझिक प्रोड्युसर, ग्लासगोची, ३० जानेवारीला ग्रीसमध्ये अथेन्सला पौर्णिमेचा चंद्र नीट दिसावा म्हणून उंचावर चढली आणि पाय घसरून पडली, वय फक्त ३४. आणि मग म्हणाला, तुम्ही हे ऐकाच, आणि स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर 'व्रूम व्रूम' लावलं. चार्ली गाते, पण त्यातला सगळा आवाज सोफीचा.

मला पहिल्यांदा आवडलं नाही हे मी खरं सांगते. कानावर आदळलं. सुरुवातीला चार्ली नुसतं चला निघू अशा अर्थाचं काहीतरी बोलते आणि मग जो ठोका येतो तो ढोलाचा नाही, ड्रमचा नाही, कुणीतरी पत्र्याच्या टाकीवर रबराची काठी मारावी तसा, आणि मारल्यावर ती टाकी वितळावी तसा. पण माझा धंदाच तो असल्यामुळे मी नकळत मोजायला लागले, हे काय आहे, स्टील की ॲल्युमिनियम, हे फुग्यावर बोट घासलंय का, हा माइक किती जवळ आहे. आणि संपादकसाहेब, मला एकही ओळखता आला नाही. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं (तेव्हा सतरा म्हणा). रबर आहे हे कळतंय पण तसं रबर जगात नाही, धातू आहे पण असा धातू कुठल्या दुकानात मिळणार नाही. मी त्या मुलाला म्हटलं हे कशावर रेकॉर्ड केलंय, तर तो म्हणाला कशावरच नाही, तिने बनवलंय.

आता हे 'बनवलंय' म्हणजे काय ते नीट सांगते कारण तुमच्या लेखकाची गफलत इथेच झालीये.

सोफीची पद्धत अशी होती की बाजारात तयार मिळणारे ड्रमचे, वाद्यांचे रेकॉर्ड केलेले तुकडे, ज्याला सॅम्पल म्हणतात, ते घ्यायचे नाहीत. कच्च्या वेव्हफॉर्मपासून, म्हणजे आवाजाच्या लाटेच्या मूळ आकारापासून, सुरुवात करायची. सिंथेसायझरमधून निघणारी साधी साइन वेव्ह ऐकली आहे का कधी? जुन्या दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पट्ट्यांबरोबर जी सलग शिट्टी यायची ना, तसलं काहीतरी, त्याला ना रंग ना रूप. त्या एका रेषेतून सगळं करायचं. तिचा पिच, म्हणजे स्वराची उंची, वरून खाली झपकन आणला, म्हणजे सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात, तर 'धप्प' येतं. तेच उलटं केलं, खालून वर नेलं, की बुडबुडा फुटल्यासारखं 'ब्लुप'. किती वेगाने आणायचा, शेवटी किती सावकाश सोडायचा, मधे किंचित अडखळवायचा का, यावर तो ठोका लाकडाचा वाटणार की चामड्याचा की पाण्यातला हे ठरतं.

धातूचं तर अजून अवघड. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर निघतात, ते एकमेकांच्या हिशोबात बसतात म्हणून आपल्याला एकच गोड स्वर ऐकू येतो. स्टीलच्या थाळीवर चमचा मारा, तिच्यातून निघणारे स्वर या हिशोबात बसत नाहीत, वेडेवाकडे असतात, म्हणून तर धातू धातूसारखा वाजतो. हे वेडेवाकडे स्वर मशीनमधून काढायची एक युक्ती अमेरिकेत स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये सापडली, एका वेव्हने दुसऱ्या वेव्हला भराभर हलवायचं, एफएम सिंथेसिस म्हणतात त्याला, पुढे १९८३ ला यामाहाने त्यावर डीएक्स ७ काढला आणि ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या पॉप गाण्यांत ती काचेसारखी घंटी वाजायला लागली. सोफी वापरायची ते स्वीडनच्या एलेक्ट्रॉन कंपनीचं मोनोमशीन, त्यातही हे करता येतं. पण मशीन सगळ्यांकडे असतं हो. स्वयंपाकघरात तिखट-मीठ सगळ्यांकडे असतं.

रबराचं पण सांगते. फुग्यावर ओलं बोट घासलं की जो किंचाळल्यासारखा आवाज येतो तो का येतो, तर बोट फुग्याला धरतं, सुटतं, धरतं, सुटतं, सेकंदाला शेकडो वेळा. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. आमच्याकडे हा आवाज हवा असेल तर आम्ही फुगा घेतो, साधा फुगा, विषय संपला. सोफी फुगा घेत नव्हती, ती फुग्याचं कारण घेत होती आणि ते आकड्यांत लिहीत होती. तिने मुलाखतींत सांगितलंय की ती आवाजाचा विचार वस्तूंमध्ये करायची, लॅटेक्स, फुगे, बुडबुडे, धातू, प्लास्टिक, इलॅस्टिक. हे वाचलं तेव्हा मला इतकं भरून आलं, कारण आम्ही फोलीवाले पण असाच विचार करतो, फक्त उलट्या बाजूने. आम्ही खरी वस्तू घेऊन खोटा आवाज करतो. ती वस्तूच नसताना खरा आवाज करायची.

यात मेहनत नाही असं ज्याला वाटतं त्याने एक साधा टाळीचा आवाज साइन वेव्हपासून बनवून दाखवावा. (साइनपासून नाहीच जमणार, टाळीला नॉइज लागतो, पण ते पण त्याला आठ दिवसांनी कळेल.)

आता स्वागताचं. तुमच्या लेखात होतं की या गाण्याला तेव्हाच समीक्षकांनी झोडपलं होतं. अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं सांगितलं नाही तर वाचकांची दिशाभूल होते.

२०१६ मध्ये चार्ली कुठे होती ते आधी बघा. केंब्रिजला जन्म, एसेक्समध्ये वाढलेली, आई युगांडातल्या गुजराती कुटुंबातली. 'आय लव्ह इट' तिने लिहिलेलं, आयकोना पॉप या स्वीडिश जोडीबरोबर तिचाही आवाज, ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलेलं. २०१४ ला इगी अझेलिया या रॅपरबरोबरचं 'फॅन्सी' अमेरिकेत सात आठवडे एक नंबर. त्याच वर्षी स्वतःचं 'बूम क्लॅप' टॉप टेनमध्ये. म्हणजे रेडिओवरची हिट पॉपस्टार होण्याचा रस्ता तिच्यासमोर सरळ मोकळा होता, कंपनी खुश, सगळे खुश. आणि हिने काय केलं तर सोफीकडे गेली, जिची तोवर 'बिप' आणि 'लेमोनेड' अशी दोन-चार गाणी क्लबमध्ये वाजत होती आणि जिचा चेहरा पण लोकांनी फारसा बघितला नव्हता, आणि २६ फेब्रुवारी २०१६ ला 'व्रूम व्रूम' याच नावाची चार गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढली, स्वतःच्या छोट्या लेबलच्या नावाने, आणि लेबलचं नाव पण व्रूम व्रूमच. आपल्याकडे समजा एखादी गायिका सिनेमातली दोन-तीन गाणी सुपरहिट झाल्यावर सगळं सोडून कोणालाच न समजणाऱ्या माणसाबरोबर काम करायला गेली तर घरचे काय म्हणतील, तेच तिला सगळे म्हणत असणार.

पिचफोर्क नावाची अमेरिकन संगीतसमीक्षेची मोठी जागा आहे, तिथे दहापैकी मार्क देतात, दशांशाच्या एका अंकापर्यंत. त्यांनी या ईपीला ४.५ दिले. म्हणजे शाळेत असतो तर काठावर पास. आणि टीकेचा सूर नुसता 'चांगलं नाही' असा नव्हता, तो मला जास्त खटकतो. त्या वर्षांत सोफी आणि तिच्या आजूबाजूचे लोक, लंडनचं पीसी म्युझिक हे लेबल आणि ते चालवणारा ए. जी. कुक, या सगळ्यांबद्दल एक आरोप फिरत होता की हे पॉप गाण्यांची टिंगल करतायत, हे प्रेमाने केलेलं नाही, वरवरचं आहे, प्लास्टिक आहे. आणि सोफीबद्दल तर असंही की हा कोणीतरी पुरुष पडद्याआडून मुलींचा पातळ आवाज आणि गुलाबी रंग वापरतोय.

मग ऑक्टोबर २०१७ मध्ये सोफीने 'इट्स ओके टू क्राय' हे गाणं काढलं, त्याच्या व्हिडिओत पहिल्यांदा स्वतः समोर आली, आणि स्वतःच्या आवाजात गायली. पुढे ती ट्रान्स स्त्री आहे हेही तिने मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं. आता ज्यांनी ते आधीचं लिहिलं होतं त्यांनी आपलं जुनं वाक्य परत वाचलं असेल का? मला वाटतं काहींनी वाचलं असेल. एखाद्या बाईला तू बायकांचं सोंग घेतोयस म्हणणं हे किती क्रूर होतं, आणि ती त्यावर ओरडून उत्तर न देता गाणी बनवत राहिली. २०१८ ला तिचा अल्बम आला, त्याला डान्स/इलेक्ट्रॉनिक गटात ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं.

आणि आता ते उरलेलं अर्धं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पिचफोर्कला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या जुन्या परीक्षणांपैकी १९ काढली आणि म्हणाले इथे आमचे मार्क चुकले होते, आज देऊ तर असे देऊ. त्यात काहींचे खाली आणले, काहींचे वर नेले. 'व्रूम व्रूम'चे ४.५ चे ७.८ झाले. सोफीला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मला या गोष्टीचा आनंद पण होतो आणि गलबलून पण येतं, कारण ती असती तर तिने वाचलं असतं. पण निदान त्यांनी ते छापलं, उघडपणे, जुना मार्क न लपवता. हे तुमच्या लेखात यायला हवं होतं. गाण्याचा निकाल एकदा लागला आणि संपला असं झालेलं नाही, निकाल देणाऱ्यांनीच तो फिरवलाय.

आणि नुसते समीक्षक नाही, जग फिरलं. २०२४ च्या जूनमध्ये चार्लीचा 'ब्रॅट' आला, हिरव्या कव्हरचा, ज्याच्यामुळे तुम्ही अर्धं पान केलंत. त्या वर्षी कॉलिन्स डिक्शनरीने 'ब्रॅट'ला वर्षाचा शब्द केलं, २०२५ ला तीन ग्रॅमी मिळाले, त्यात बेस्ट डान्स/इलेक्ट्रॉनिक अल्बम आहे. त्या अल्बममधला तो टणक, कोरडा, मधूनच तुटणारा बीट ऐका आणि मग मागे जाऊन 'व्रूम व्रूम' ऐका. बी तिथे आहे. त्याच अल्बममध्ये 'सो आय' नावाचं गाणं सोफीच्या आठवणीत आहे, तिला जवळ यायचं होतं आणि मी लांब राहिले ही चार्लीची बोच त्यात आहे, ते मात्र एकदम साधं गाणं आहे, ऐकताना डोळे भरतात. ज्यांनी टिंगल करतायत म्हटलं होतं त्यांनी हे गाणं ऐकावं.

टीकेत काहीच तथ्य नव्हतं असं पण मी म्हणणार नाही. 'व्रूम व्रूम'चे शब्द पातळ आहेत. जांभळट रंगाची महागडी गाडी, मैत्रिणी, पार्टी, वेग, बस. ईपीमधली चारही गाणी एका उंचीची नाहीत, 'ट्रॉफी' मला अजूनही थकवतं, आणि सगळं इतकं दाबून, इतकं वरच्या लेव्हलला मिक्स केलंय की सलग चारही ऐकली तर कान दुखतात, आमच्या इथे असं मिक्स दिलं तर परत पाठवतील. हे सगळं लिहा ना, त्यावर आपण बोलू. हे ऐकून लिहिलेलं असेल. गोंगाट हा शब्द ऐकणं थांबवल्यावरचा आहे.

कारण त्या गाण्यात जी गंमत आहे ती नेमकी थांबून ऐकल्याशिवाय कळत नाही. तो वितळणारा ठोका चालू असतो, चार्ली जवळजवळ बोलल्यासारखी गाते, ऐटीत, आणि मग एकाएकी सगळं जड सामान खोलीतून बाहेर काढावं तसा बीट नाहीसा होतो आणि वरच्या पट्टीत एक चकचकीत गोड चाल येते, पाळण्यावर टांगतो ना आपण खेळणं, फिरलं की किणकिण करणारं, तसली. आणि तुम्ही जरा सैलावलात की पुन्हा ते सगळं लोखंड अंगावर. दोन गाणी एकाच गाण्यात आणि मधे दार पण नाही. पहिल्यांदा मला ते चूक वाटलं होतं, एडिटिंगची चूक. आता मला वाटतं गाडी चालवताना खरंच असंच होतं, बोगद्यातून बाहेर आलात की आवाज एकदम बदलतो, खंडाळ्याच्या घाटात काच खाली करून बघा.

आणि नाव बघा गाण्याचं. व्रूम व्रूम. पोर गाडी गाडी खेळताना तोंडाने काढतं तो आवाज. आपल्याकडे थाळी हातात धरून घर्रर्र करत अंगणात फिरतात तेच. सोफीबद्दल मी वाचलं की लहानपणी तिचे वडील गाडीत इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या कॅसेटी लावायचे, आणि तिला रेव्हला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नाचाच्या पार्टीला, पण घेऊन गेले होते. म्हणजे या बाईला हे संगीत पहिल्यांदा कळलं तेच गाडीच्या मागच्या सीटवर, इंजिनच्या घरघरीच्या वर. आणि तीसएक वर्षांची झाल्यावर तिने चार्लीसाठी गाडीचं गाणं बनवलं ज्यात गाडीचा आवाज गाडी न वापरता केलाय. टिंगल करणारं माणूस हे करत नाही हो. हे कुणीतरी फार जपून ठेवलेलं काहीतरी आहे.

एक गोष्ट आपल्या मुंबईची, कारण असं फक्त तिकडेच होतं असं कोणाला वाटू नये. चरणजीत सिंग नावाचे वादक होते, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन मशीन घेतली, ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर, टीबी ३०३ हे बासचं मशीन आणि टीआर ८०८ हे ड्रमचं मशीन, आणि दहा राग डिस्को बीटवर वाजवून एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केली, भैरवी, ललित, यमन सगळे त्यात. ते फार कोणी घेतलंच नाही. रेकॉर्ड गेली रद्दीत. मग शिकागोच्या पोरांनी १९८७ ला त्याच टीबी ३०३ वर ॲसिड हाउस म्हणून जे नाचाचं संगीत काढलं त्याचा जगभर गाजावाजा झाला, आणि २००२ मध्ये एका डच रेकॉर्ड जमवणाऱ्याला दिल्लीच्या दुकानात चरणजीतजींची रेकॉर्ड मिळाली, २०१० ला ती परत निघाली, आणि मग सगळे डोळे विस्फारून बघायला लागले की अरे हे तर पाच वर्षं आधीच मुंबईत करून ठेवलंय. सत्तरीत त्यांना परदेशात कार्यक्रमाला बोलवायला लागले. २०१५ ला मुंबईतच गेले ते. आमच्या लाईनमधल्या जुन्या लोकांनी त्यांना सेशनला बघितलंय, भला शांत माणूस होता म्हणतात.

१९८२ मध्ये कुठल्या पेपरात त्या रेकॉर्डबद्दल कोणी नीट चार ओळी लिहिल्या असत्या, म्हणजे हे मशीन असं आहे, यावर मींड अशी निघते, ऐकून बघा, तर काय झालं असतं हे मला सारखं वाटत राहतं. टीबी ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, स्लाइड, ते बनवलं होतं बास गिटारच्या जागी वाजवायला आणि त्या कामाला फारसं चाललं नाही, रोलंडने १९८४ पर्यंत बंदच केलं. पण मींड म्हणून त्याच्याकडे बघणारा माणूस रागदारी कानात मुरलेलाच असणार ना. हे मुंबईच्या पेपराने लिहायचं होतं, डच माणसाची वाट बघायला लागली.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तुमच्याकडे सिनेमाचं परीक्षण दर शुक्रवारी येतं, नाटकाचं येतं, शास्त्रीय मैफिलीचं तर इतकं सुंदर येतं की मी कात्रणं ठेवते, त्यात गायकाने कुठल्या स्वरावर न्यास केला इतकं बारीक असतं. मग इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल लिहिताना तेच कान का नाही लावायचे? महिन्यातून एकदा एकच गाणं घ्या. ते कोणी बनवलं, कशावर बनवलं, तो अमुक आवाज कसा निघाला, हे लिहा, आवडलं की नाही ते शेवटी एका ओळीत लिहा. आणि वर्षातून एकदा स्वतःच्याच जुन्या परीक्षणांकडे परत जा. मराठीत हे लिहू शकणारी पोरं आहेत, पुण्यात आहेत, नाशिकला आहेत, आमच्या स्टुडिओतच दोन आहेत, ती सगळी इंग्रजीत लिहितात कारण मराठीत कोणी मागत नाही. तुम्ही मागा. आमचा असिस्टंट मुलगा साताऱ्याचा आहे, हलगीवाल्याच्या घरातला, त्याला चामडं तापवल्यावर आवाज किती चढतो ते बोटाला कळतं आणि मोनोमशीनचा मेनू पण पाठ आहे, त्याच्याकडून लिहून घ्या.

शेवटी एक प्रसंग सांगते. त्या फेब्रुवारीत गाणं ऐकल्यावर आम्ही दोघं इरेला पेटलो की हा पहिला ठोका आपण फोलीत करून बघायचाच. काम संपल्यावर थांबलो. स्टीलचं पातेलं, त्यात थोडं पाणी, सायकलची जुनी ट्यूब ताणून त्याच्यावर मारायची, पातेलं मारता मारता तिरकं करायचं म्हणजे पाणी हललं की स्वर खाली घसरतो. रात्री साडेअकरापर्यंत केलं, सत्तर-ऐंशी टेक झाले असतील. जवळ आलो, खरंच जवळ आलो, पण आमच्या ठोक्यात खोली ऐकू येते, भिंत ऐकू येते, ट्यूब धरलेला हात ऐकू येतो. तिच्या ठोक्याला मागे काहीच नाही, ना भिंत ना हात ना हवा. तो सरळ कानातच होतो. एवढं रिकामं करायला तिला किती दिवस लागले असतील याचा विचार करत मी शेवटची लोकल पकडली.

ते टेक अजून हार्ड डिस्कवर आहेत. तुमच्या लेखकाचं नाव मला माहीत नाही, त्यांच्यावर राग पण उरलेला नाही आता इतकं लिहिल्यावर. त्यांना सांगा, बुधवारी दुपारनंतर आमच्याकडे सहसा काम नसतं, स्टुडिओ स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे, स्पीकर मोठे आहेत. मी आधी आमचा पातेल्याचा टेक लावते, मग सोफीचा लावते, त्यांनी फक्त बसून ऐकायचं. चहा मी पाजीन.

आपली,
एक फोली आर्टिस्ट आणि तुमची जुनी वाचक,
गोरेगाव, मुंबई